किल्ली गावाच्या हाती हवी

आषाढ-श्रावणाचे दिवस शेतकऱ्याच्या दृष्टीने आशेचे असतात. पण सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कुशीतील वाड्या-पाड्यांवर हेच दिवस कसोटीचे ठरतात. गेल्या हंगामातील धान्य कणगीच्या तळाशी गेलेले असते, नवे भात आणि नागली अजून शेतात उभी असते, मजुरी थांबलेली असते आणि ओढ्याला पूर आला की बाजाराचा रस्ताही तुटतो. या काळात घर चालविण्यासाठी जे धान्य उसनवारीने किंवा कर्जाने आणावे लागते, त्याला 'खावटी' म्हणतात. ज्या टंचाईला भाषेने स्वतंत्र शब्द दिला आहे, ती टंचाई अवचित येणारी नव्हे. ती ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या गावांत, ठरलेल्या घरांत येते. तरीही दर पावसाळ्यात आपले शासन आणि आपला समाज दोघेही ती प्रथमच पाहत असल्यासारखे दचकतात, हे आश्चर्य आहे.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्यानंतर मेळघाटाची नावे येत राहिली, नंदुरबारची येत राहिली. मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या बसल्या, अहवाल आले आणि प्रत्येक अहवालामागोमाग एखादी नवी योजना आली. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. एवढ्या खटाटोपाचे फळ काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ३६.१ टक्के निघाले. उद्योगात, सहकारात आणि उच्च शिक्षणात देशाच्या पुढे असल्याचा अभिमान मिरविणाऱ्या राज्यात दर तीन बालकांमागे एकापेक्षा अधिक बालक अपुऱ्या वजनाचे आहे आणि काही वर्षांच्या प्रयत्नांनंतर काटा जागचा हललेला नाही. हा कोणा एका पक्षाच्या सरकारचा ताळेबंद नाही. या काळात सर्वांनीच राज्य करून पाहिले आहे.

देशात धान्य कमी आहे म्हणून ही स्थिती आहे, असे म्हणावे, तर तेही खरे नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने खरी टंचाई पाहिली. परदेशातून आलेली लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी यांवर त्या पिढीने दिवस काढले. त्या संकटातच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. पुढे २००५ साली देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्याची वाट महाराष्ट्राने अशी आधीच घालून दिली होती. आज परिस्थिती उलट आहे. केंद्राची गोदामे भरलेली असतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क पोहोचविला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य, असे हे माप आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते आणि जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ही व्यवस्था वाढविण्यात आली आहे. सुमारे ८० कोटी लोकांना धान्य पुरविणारी अशी व्यवस्था जगात दुसरी नाही. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या घरात चूल पेटण्याची शाश्वती नव्हती, त्या घराला या धान्याने आधार दिला आहे.

परंतु धान्य आणि अन्न यांत अंतर आहे. पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १६५ ग्रॅम. त्याने पोटाला आधार मिळतो. वाढत्या बालकाला लागणारी डाळ, तेल, भाजी, दूध, अंडी त्यात नसतात. शिवाय गोदामातून निघालेले धान्य ताटात येईपर्यंत मध्ये वाहतूकदार आहे, दुकानदार आहे, अंगठा न उमटवून घेणारे यंत्र आहे आणि डोंगराआड हरवणारे नेटवर्क आहे. नियोजन आयोगाने २००५ साली या व्यवस्थेचे मूल्यमापन केले, तेव्हा अनुदानित धान्यापैकी अवघे ४२ टक्के अपेक्षित कुटुंबांपर्यंत पोहोचत असल्याचे दिसून आले. गरिबाच्या पदरात एक रुपया टाकण्यासाठी शासन ३ रुपये ६५ पैसे खर्च करीत होते. त्यानंतर संगणक आले, आधार जोडणी झाली, गळती बरीच कमी झाली. तथापि यंत्र चोरी पकडू शकते. दुकान आज का उघडले नाही, हे विचारण्याचे धैर्य यंत्र देऊ शकत नाही. ते धैर्य गावाकडे असावे लागते आणि विचारणाऱ्याच्या हातात काही अधिकार असावा लागतो.

हा अधिकार दिला तर काय घडते, याचा पाठ आपल्या शेजारीच आहे. छत्तीसगढ राज्याने २००४ साली खासगी व्यापाऱ्यांकडील स्वस्त धान्य दुकाने काढून घेतली आणि ती ग्रामपंचायती, महिला बचत गट, सहकारी संस्था यांच्याकडे सोपविली. केवळ मालक बदलून हे सरकार थांबले नाही. धान्याची गाडी थेट दुकानाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी शासनाने उचलली. दुकान प्रामाणिकपणे चालवूनही पोट भरावे, इतपत कमिशन वाढविले. गाडी कधी येणार, हे गावाला कळू लागले. पुढे २०१२ मध्ये, केंद्राच्या कायद्याच्या आधीच, त्या राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. परिणाम असा की, २००४-०५ मध्ये जेथे निम्म्याच्या आसपास धान्य वाटेत गळत होते, तेथे २००९-१० पर्यंत ही गळती एक दशांशावर आल्याचे नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अभ्यासकांनी दाखविले. व्यापारी सारेच वाईट आणि गावकरी सारेच सज्जन, असा याचा अर्थ नाही. व्यापाऱ्याला गावाला उत्तर द्यावे लागत नाही. गावातील गटाला रोज पाणवठ्यावर भेटणाऱ्या शेजारणीला उत्तर द्यावे लागते. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे तत्त्व स्वीकारले आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या बाराव्या कलमात दुकाने देताना पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्था यांना प्राधान्य द्यावे आणि दुकानांचे व्यवस्थापन महिलांकडे असावे, असे म्हटले आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, ही तरतूद आहे. सामाजिक अंकेक्षण आणि दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्या यांचीही सोय आहे. कागदावर पाहिले तर गावाला मागायचे उरले आहे तरी काय, असा प्रश्न पडावा. प्रत्यक्षात किती गावांतील सामान्य माणसाला आपल्या दुकानाची दक्षता समिती कोणती आणि तिची बैठक केव्हा असते, हे ठाऊक असते? समितीतील सदस्यालाच आपण सदस्य असल्याचे ठाऊक नसेल, तर ती दक्षता कोणाची? लहान पाड्यांवर शिधापत्रिका इतक्या थोड्या असतात की, क्विंटलमागे मिळणाऱ्या कमिशनवर दुकान चालविणे परवडतच नाही. तेथे बचत गटाला दुकान द्यायचे आणि खेळते भांडवल मात्र द्यायचे नाही, ही सबलीकरणाची थट्टा होते.

या सबलीकरणाची दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. अंगणवाडीतील पोषण आहारात कंत्राटदार नसावेत, तो खर्च ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांच्यामार्फत व्हावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. आदेश निघाला आणि कंत्राटदारांनी आपला वेष बदलला. महाराष्ट्रात पाकीटबंद आहाराची मोठमोठी कामे महिला संस्थांच्या नावाने निघू लागली. निविदेच्या अटी अशा की, गावातील दहा-वीस बायकांचा गट तेथे उभाही राहू शकत नव्हता. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या निविदा रद्द ठरवाव्या लागल्या आणि खऱ्या बचत गटांना वाव मिळेल अशा अटी नव्याने ठरविण्यास सांगावे लागले. त्याआधी १९९५ साली मोठ्या उत्साहाने सुरू झालेल्या एक रुपयातील झुणका-भाकर केंद्रांचे काय झाले, हेही महाराष्ट्राला आठवते. हेतू उत्तम होता, भुकेल्याला स्वस्तात घास मिळावा ही तळमळ खरी होती. पण केंद्र कोणाला मिळते यालाच महत्त्व आले, भाकरी मागे पडली आणि मोक्याची जागा पुढे आली. हेतू चांगला असला की व्यवस्था आपोआप चांगली होते, हा भ्रम अशा अनुभवांनी तरी दूर व्हावयास हवा.

चांगली रचना कशी असते, याचे एक उदाहरण राज्यातच आहे. जनजातीय भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस आहार अंगणवाडीतच शिजवून द्यावा, यासाठी २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. पुढे तिच्यात लहान बालकांसाठी अंडी आणि केळी यांचीही भर पडली. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, पैसा गावातील आहार समितीच्या खात्यात येतो आणि समितीचे अध्यक्षपद पंचायतीतील निवडून आलेल्या महिलेकडे असते. साहित्य कोठून घ्यावयाचे, हे गावाने ठरवावयाचे. अंडी गावातीलच कोंबडीपालन करणाऱ्या बाईकडून, डाळ शेजारच्या शेतकऱ्याकडून, भाजी परसबागेतून घेतली, तर तोच रुपया गर्भवतीचे पोषणही करतो आणि गावातील दुसऱ्या घराची मिळकतही वाढवितो. मात्र ही साखळी एकाच ठिकाणी तुटते. निधी वेळेवर आला नाही की समितीच्या अध्यक्षेला किराणा दुकानदाराकडे उधारी मागावी लागते, अंगणवाडी सेविकेला पदरचे पैसे घालावे लागतात आणि दोन-तीन महिन्यांत सारा उत्साह विझतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात जनजातीय कुटुंबांसाठी प्रत्येकी चार हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले. निम्मे रोखीने, निम्मे वस्तुरूपाने. प्रत्यक्ष वाटपाला मात्र २०२१ उजाडले. पावसाळ्यातील भुकेसाठी मंजूर झालेली मदत पुढच्या वर्षी मिळत असेल, तर ती मदत हिशेबात जमा होते, पोटात नाही.

अन्न उपलब्ध करून देणे म्हणजे बाहेरून आणून देणे, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० च्या पद्मश्रीने देशभर ओळख मिळवून दिली. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने वाल, घेवडा, भात, भाज्या यांची गावरान बियाणी जपली, वाटली आणि घरोघरी परसबागा उभ्या राहाव्यात म्हणून बायकांना संघटित केले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेची साथ त्यांना मिळाली. गावाचे ज्ञान आणि संस्थेचे शास्त्र एकत्र आले की काय होते, हे तेथे दिसते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि जंगलाचे व्यवस्थापन आपल्या ग्रामसभेकडे घेतले. जंगल राखणारे गाव आपले अन्नही राखत असते. शेवळा, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब ही शहरातील रानभाजी महोत्सवात कुतूहलाने चाखली जाणारी नावे पावसाळ्यात डोंगरातील घराच्या ताटात रोज असतात. ते ताट रिकामे होते ते जंगल गेले की आणि गावठी बी गेले की. शासनाच्या धान्यवाटपाने गावाच्या नागली-वरईची जागा घेतली, तर पोट भरल्याचा आकडा वाढेल आणि पोषण घटेल.

ओडिशाने या दृष्टीने २०१७ पासून जे केले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील भरडधान्य अभियानाने शेतकऱ्याला नागलीचे बी देण्यापासून प्रारंभ केला, पिकलेल्या नागलीची हमीभावाने खरेदी केली, तीच नागली स्वस्त धान्य दुकानातून वाटली आणि काही जिल्ह्यांत महिला गटांनी तिचे लाडू करून अंगणवाडीतील बालकांना दिले. शेतापासून बालकाच्या हातापर्यंतची साखळी एकाच प्रदेशात पूर्ण झाली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, 'श्रीअन्न' हा सुंदर शब्द रूढ झाला. पालघर, नाशिक, नंदुरबार आणि कोल्हापूरच्या डोंगरात नागली आहे, सोलापूर आणि मराठवाड्यात ज्वारी आहे. गावागावांत खरेदीची सोय, वरई भरडण्याची आणि नागली दळण्याची लहान यंत्रे आणि महिला गटांना भांडवल एवढे मिळाले, तर महाराष्ट्रातही हे घडू शकते. उखळात वरई कांडताना झिजणारे बाईचे हात वाचविणे हाही पोषणाचाच कार्यक्रम आहे, हे मुंबईत योजना आखणाऱ्यांच्या लक्षात यावयास हवे.

दिवाळीनंतर यातील अनेक गावे अर्धी रिकामी होतात. पालघरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, बीडची कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. एक देश एक शिधापत्रिका ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली आणि स्थलांतरितांना परक्या मुलखातही धान्य मिळण्याची वाट मोकळी झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण शिधापत्रिका प्रवास करते, तशी अंगणवाडी प्रवास करीत नाही. उसाच्या फडावर वाढणाऱ्या बालकाचा आहार कोणाच्या वहीत लिहिला जातो? ज्या कारखान्याचे गाळप या मजुरांच्या कोयत्यावर अवलंबून आहे, त्यातील कितीतरी कारखाने सहकारी आहेत. सहकार या शब्दाला सभासदांच्या पलीकडे काही अर्थ असेल, तर तळावर शिजलेले अन्न आणि बालकांसाठी सावली यांची व्यवस्था कारखान्यांनी शासनाच्या साहाय्याने आपणहून करावयास हवी.

समाजाच्या शक्तीविषयी शंका घेणाऱ्यांनी आषाढीची वारी पाहावी. लाखो वारकरी चालत पंढरीला जातात आणि वाटेवरची गावे त्यांना जेवू घालतात. त्यासाठी कोणते खाते नसते, कोणता अधिकारी नसतो. गावातील प्रत्येक आळी आपला वाटा ठरविते, पीठ-डाळ गोळा होते, पंगती उठतात आणि हिशेब चोख राहतो. शिर्डी-शेगावच्या प्रसादालयांतून हजारो माणसे रोज शिस्तीने जेवतात. अन्नदानाला आपल्या परंपरेने श्रेष्ठ दान मानले आहे. ही शक्ती केवळ उत्सवापुरती का राहावी? पूर्वी सुगीच्या वेळी प्रत्येक घराने पायली-दोन पायली धान्य गावाच्या कणगीत टाकावे, अडचणीत न्यावे आणि पुढच्या सुगीला थोड्या वाढीने परत करावे, ही रीत अनेक ठिकाणी होती. सावकाराच्या दीडपट-दुपटीतून ती गरिबाला वाचवीत असे. केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्यकोषाची योजना आणली, तिचे बीज हेच होते. मात्र धान्य सरकारचे आणि कणगीही सरकारची, अशी भावना झाली की परतफेड थांबते. पहिली मूठ गावाची असेल, तरच शासनाची भर टिकते.

म्हणून मागणी अधिक योजनांची नाही. पावसाळ्यात तुटणाऱ्या प्रत्येक पाड्यावर मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चार महिन्यांचे धान्य पोहोचावे आणि त्या कोठीची किल्ली गावाने निवडलेल्या महिलांच्या हाती असावी. दुकानात आलेले धान्य आणि समितीच्या खात्यात आलेला पैसा यांचे आकडे दरमहा सभेत मोठ्याने वाचले जावेत. आहार समित्यांना निधी आगाऊ मिळावा. जेथे नागली-ज्वारी पिकते, तेथे तीच शिधावाटपात यावी. पेसा क्षेत्रातील ग्रामसभांना जनजाती उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ साली घेतला; त्यातील काही वाटा गावाने अन्नासाठी राखून ठेवावा. आणि समाजातील शिकल्या-सवरलेल्यांनी, निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी, देवस्थानांच्या विश्वस्तांनी एकेक गाव धरून हिशेब लिहायला शिकविणे, बालकांची वजने करणे आणि तहसील कचेरीत त्या बायकांसोबत उभे राहणे, एवढे तरी करावे. शासनाने अंग काढून घ्यावे, असे यात कोठेही अभिप्रेत नाही. धान्य, पैसा आणि कायदा शासनाचाच लागेल. गावाला अधिकार देणे आणि गावाला वाऱ्यावर सोडणे यांतील भेद राज्यकर्त्यांनी विसरू नये.

२५ डिसेंबर २००० रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने अंत्योदय अन्न योजना सुरू केली, तेव्हा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचा शब्द शिधापत्रिकेवर आला. रांगेतील शेवटच्या माणसाचा उदय, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. पाव शतकानंतर त्या माणसाच्या पिशवीत धान्य पडू लागले आहे, हे यश आहेच. पण पिशवी पुढे करून उभा असलेला माणूस अजून रांगेतच आहे. ज्या दिवशी मोखाड्याच्या किंवा धडगावच्या पाड्यावरची एखादी आई कोठी उघडून माप हातात घेईल, वहीत नोंद करील आणि कमी आलेल्या पोत्याचा जाब अधिकाऱ्याला विचारील, त्या दिवशी त्या शब्दाचा अर्थ पुरा होईल. पुढचा आषाढ काही दूर नाही. तोवर किती कोठ्यांच्या किल्ल्या गावांच्या हाती गेल्या, याचा हिशेब शासनाला आणि समाजाला दोघांनाही द्यावा लागेल.